रिक्रूटरला ‘सर’ म्हणण्याआधी

शेवटचं सेमिस्टर लागलं की वर्गाच्या वॉट्सॲप ग्रुपवर कवितांपेक्षा ‘अर्जंट हायरिंग’चे मेसेज जास्त येतात. मग फोन सुरू. पुण्याहून, बेंगलोरहून, मधूनच एखादा पणजीहून. आणि आपण बेळगावची मुलं फोन उचलताच इतकी मऊ होतो, जणू समोरचा माणूस स्वतःच्या खिशातून पगार देणार आहे. ‘हो सर, चालेल सर, कधीही सर.’ माझ्या मते ही नम्रता चुकीच्या माणसापुढे चाललीय.

रिक्रूटर वाईट असतो असं नाही. तो कंपनीचा असतो, एवढंच. कन्सल्टन्सीला पैसे देते कंपनी, आणि ते बहुतेक वेळा निवडलेल्या माणसाच्या वर्षाच्या सीटीसीच्या टक्केवारीत. 8.33 टक्के हा या धंद्यात रुळलेला आकडा. म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना. तेही पुष्कळदा तुम्ही रुजू होऊन दोन-तीन महिने टिकलात तरच. एवढं कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. ‘आजच हो म्हणा, उद्या जागा जाईल’ ही घाई कशाची, निवड झाली नाही की तोच माणूस फोन का उचलत नाही, आणि रुजू झाल्यावर महिन्याभराने ‘सगळं ठीक ना?’ असं इतक्या प्रेमाने का विचारतो. त्याचं पोट त्यावर आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. फक्त त्याचा सल्ला मामा-काकांचा सल्ला समजून ऐकू नये.

आणि ज्याला कंपनी पैसे देते, त्याने आपल्याकडे मागायचं कारणच काय? ‘रजिस्ट्रेशनचे 1,500’, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग फी, पहिल्या पगारात परत’ असलं काही ऐकलं की फोन ठेवायचा. मूळ मार्कशीट ‘जमा करा’ म्हणाले तरी तेच. आमच्या पॅरिशमध्ये बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात नाहीतर जहाजावर आहे, म्हणून हेही सांगते. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं, आणि नोकरी लावून दिली म्हणून खलाशाकडून फी घेता येत नाही. आखातासाठी 1983च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटला फी घेता येते, पण तिला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. तरी लोक त्याच्या कितीतरी पट देतात आणि पावतीही मागत नाहीत, कारण एजंट ‘आपल्या ओळखीतला’ असतो.

पगाराचं विचारलं की आपण साहित्यवाले लाजतो. ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ म्हणून मोकळे. पण 3 लाखांचं सीटीसी म्हणजे महिना 25,000 नव्हे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, साधारण पाच वर्षं टिकल्याशिवाय न मिळणारी ग्रॅच्युइटी असते, आणि मिळालं तर मिळालं असं व्हेरिएबल. ‘हातात किती येणार?’ असं सरळ मराठीत विचारा. नोकरी कंपनीच्या पेरोलवर की थर्ड पार्टीच्या, बॉण्ड आहे का, रात्रीची शिफ्ट असेल तर गाडी दारापर्यंत येते का, हेही विचारा. आणि उत्तरं मेलवर घ्या. फोनवरचं बोलणं कुणाला आठवत नाही.

मला खरी चीड येते ती भाषेवरून. माझं आडनाव ऐकलं की रिक्रूटर धरून चालतो, हिचं इंग्लिश फाडफाड असणार आणि मराठी ‘मॅनेजेबल’. बेंगलोरचा विचारतो, कन्नड येतं का? पुण्याचा विचारतो, बेळगाव म्हणजे कर्नाटक ना, मग मराठी लिहिता येतं? फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, हे सांगून उपयोग नाही. तो म्हणेल, सीव्हीमध्ये टाका. बरं, मराठी येतं हे पटलं की पुढचं वाक्य तयार असतं: ‘ती तर मदर टंग आहे मॅम, तिचे वेगळे पैसे कसले?’

वेगळे पैसे आहेत आणि ते मागायचे. ॲपची भाषा, सबटायटल, जाहिराती, कस्टमर केअरची उत्तरं, सगळीकडे मराठी लागतं. ‘तुमची ऑर्डर तिच्या मार्गावर आहे’ असं कुणी मराठी माणूस बोलत नाही, ‘ऑर्डर निघालीय’ म्हणतो, हे कळायला कान लागतो. तो कान आपण तीन वर्षं वर्गात बसून तयार केलाय. अनुवादाचा दर शब्दावर ठरतो, तेव्हा शब्दाला किती हे पहिल्याच फोनवर विचारावं.

‘टेस्ट’चंही तसंच. 200-300 शब्दांची चाचणी मान्य, त्यापुढे ते काम झालं. गेल्या महिन्यात मला ‘सॅम्पल’ म्हणून 22 पानांचं मॅन्युअल आलं, मिक्सरचं. मी पहिलं पान करून पाठवलं आणि उरलेल्या 21 पानांचा दर विचारला. अजून उत्तर नाही. बहुधा ते आता दुसऱ्या कुणाकडे गेलं असेल. आपल्यापैकी कुणाला आलं असेल, तर पहिलं पान सोडा, दुसरंच करा. पहिलं त्यांच्याकडे आहे.