तिकीट स्वस्त, सामना महाग

संत्र्याचा आंबिया बहार निघू लागला की वरूडच्या बाजारात पैसा खेळू लागतो. कापडाच्या दुकानांत लग्नाचे बस्ते बांधले जातात. व्यावसायिक फुटबॉलचा हंगामही बहुधा याच हिवाळ्यात असतो आणि घरातील तरुण मुले मुंबईला सामना पाहायला जाण्याची इजाजत मागतात. बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते, "फिजूलखर्ची आहे, टी.व्ही.वर पाहा." आम्हीही हेच म्हणत आलो. परंतु हिसाब मांडल्याशिवाय कोणत्याही मालाला महाग म्हणू नये, हा व्यापाराचा पहिला नियम आहे. म्हणून हा हिसाब.

२०२३ च्या हिवाळ्यात आमच्या घरातील तीन मुले अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा एक सामना पाहून आली. परतल्यावर आम्ही त्यांना वही घेऊन बसवले. तिघांची तिकिटे १,२०० रुपये. वरूड ते अमरावती एस.टी. जाऊन-येऊन ९००. अमरावती-मुंबई रेल्वे, स्लीपर, जाऊन-येऊन २,५८०. एका रात्रीची खोली १,५००. जेवण, लोकल व रिक्षा १,९२०. एकूण ८,१०० रुपये. म्हणजे सात रुपयांतील जेमतेम एक रुपया खेळासाठी गेला, बाकीचे सहा वाटेत आणि मुक्कामात गेले.

यातील खोलीचा खर्च का झाला, हे पाहण्यासारखे आहे. सामना रात्री आठला सुरू झाला आणि दहाच्या सुमारास संपला. अमरावतीकडे येणारी गाडी मुंबईहून रात्री आठच्याच सुमारास सुटते. मुले मुक्कामाला राहिली, दुसरा दिवस काढला आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचली. ऐन सीझनमध्ये दुकानातील तीन माणसे तीन दिवस नव्हती. हा खर्च तर आम्ही वहीत धरलेलाच नाही. सामन्याची वेळ टी.व्ही. पाहणाऱ्यांच्या सोयीने ठरते. तिची किंमत मात्र मैदानावर येणारा खेड्यापाड्यांतील प्रेक्षक भरतो.

मग संघ गबर झाले आहेत काय? तसेही नाही. पुण्याचा एफ.सी. पुणे सिटी हा संघ २०१४ साली निघाला आणि २०१९ साली बंद पडला. २०२५ साली तर करारांच्या वादात खुद्द लीगचाच हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. माल स्वस्त, तरी गिऱ्हाईक नाही आणि दुकानदारही तोट्यात, अशी ही अजब पेठ आहे.

याच अंधेरीच्या मैदानावरची २०१८ सालची गोष्ट आठवावी. १ जूनला भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवले, तेव्हा पाहायला अवघे २,५६९ लोक होते. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. मैदान तेच आणि तीनच दिवसांचे अंतर. गिऱ्हाईक केवळ दर पाहून येत नाही, कोणीतरी त्याला आपुलकीने बोलवावेही लागते.

आणि गिऱ्हाईक उठूनही जाते. २०१६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे जाहीर केले. सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक जागा सोडून बाहेर पडले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी तेथील प्रीमियर लीगने परगावी जाणाऱ्या पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. कारण उघड आहे, त्याला प्रवासाचा खर्च निराळा असतो. कतारने २०२२ च्या विश्वचषकात देशात राहणाऱ्यांसाठी, त्यात बाहेरून आलेले मजूरही आले, साखळी सामन्यांची तिकिटे ४० रियालपासून ठेवली होती. दूरच्या आणि गरीब प्रेक्षकाचा विचार करता येतो, तो करण्याची नियत हवी.

आपल्याकडे सरकारने एक दार उघडे ठेवले आहे. मान्यताप्राप्त क्रीडा सामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जी.एस.टी. नाही. आय.पी.एल.सारख्या सामन्यांच्या तिकिटांवर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे. तेव्हा साधे तिकीट ५०० च्या आत राहावे, ही आमची पहिली मागणी. दुसरी मागणी अशी की, सुटीच्या दिवशी काही सामने दुपारी ठेवावेत, म्हणजे दूरच्या माणसाला रात्रीची गाडी मिळेल. तिसरी मागणी सर्वात महत्त्वाची. विदर्भात लीगचा एकही संघ नाही, तेव्हा निदान हंगामापूर्वीचे एक-दोन सराव सामने नागपूर किंवा अमरावतीला खेळवावेत. वरूडचा मुलगा सकाळी निघून रात्री घरी येईल. ८,१०० रुपयांचा हिसाब दोन हजारांच्या आसपास येईल.

आता थोडे आपल्याविषयी. इसराफ आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे खरेच. परंतु लग्नाच्या मांडवावर लाखो उधळताना ज्यांना इसराफ आठवत नाही, त्यांनी मुलाच्या एका सामन्यावर तो शब्द फेकू नये. शिवाय फुटबॉल आपल्या वस्तीला परका नाही. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे विदर्भातील शौकिनांच्या तोंडी आहेत. असे क्लब पगारी खेळाडूंवर नव्हे, वस्तीच्या जिद्दीवर उभे राहतात. त्यांचा सामना पाहायला खिशाला मोठी तोशीस पडत नाही, तरी आपण तेथे फिरकत नाही.

आम्ही मुलांशी आता एक करार केला आहे. वर्षातून एकदा मुंबई, तीही त्यांनी स्वतः साठवलेल्या पैशांतून. मात्र त्याआधी नागपूर-कामठीचे चार सामने आमच्यासोबत पाहायचे. वरूडच्या व्यापारी बांधवांनीही एखाद्या स्थानिक संघाला चेंडू, बूट किंवा बनियनचा खर्च द्यावा. गावात खेळ जिवंत राहिला तरच उद्या मोठा संघ या बाजूला येण्याचा विचार करील. ज्या पेठेत गिऱ्हाईक नाही, तेथे कोणता व्यापारी दुकान मांडतो?