विश्लेषण : ‘आयटिल’ प्रमाणपत्राने नोकरी मिळते का? फी भरण्यापूर्वी एवढे वाचा

कॅम्पस इंटरव्ह्यूंचा हंगाम संपला आणि हातात ऑफर लेटर नसले, की इंजिनीअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरावीक जाहिराती फिरू लागतात. ‘दोन दिवसांत आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’, ‘पास होण्याची शंभर टक्के हमी’, ‘आजच बुक करा, उद्यापासून फी वाढणार’. यातले एक नाव वारंवार दिसते, ते म्हणजे ‘आयटिल’. परीक्षा आणि क्लास मिळून फी पाच आकडी होते. सांगली किंवा परभणीच्या घरात ही रक्कम महिन्याच्या खर्चाएवढी असू शकते. म्हणून या प्रमाणपत्राने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी समजून घ्यायला हवे.

हे सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणजे काय?

एखाद्या कंपनीत नवा कर्मचारी रुजू झाला, की त्याला लॅपटॉप, ईमेल, ओळखपत्र, पगाराच्या खात्याची नोंद आणि बसायला जागा लागते. ही कामे चार-पाच वेगळ्या विभागांची. पूर्वी नवा माणूस प्रत्येक टेबलापुढे जाऊन उभा राहायचा. आता तो, किंवा त्याचा मॅनेजर, एका पोर्टलवर एकच विनंती नोंदवतो. ती आपोआप सगळ्या विभागांकडे जाते, प्रत्येक कामाला मुदत लागते आणि मुदत टळली की वरच्याला कळते. तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या, पाठपुरावा करा ही पद्धत आधी आयटी विभागांत रुजली. पुढे ती एचआर, फायनान्स, प्रशासन अशा विभागांनीही उचलली. यालाच ‘एंटरप्राइज सर्व्हिस मॅनेजमेंट’ म्हणतात.

ही कल्पना महाराष्ट्राला अनोळखी नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या सेवांना मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाची पायरी ठरवून दिली. मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. कंपन्यांच्या भाषेत याला ‘एसएलए’ म्हणजे सेवेच्या पातळीचा करार म्हणतात. तहसील कार्यालयाला कायद्याने जे बंधन घातले, तेच कंपनीतले विभाग एकमेकांना घालून घेतात, एवढेच.

‘आयटिल’चा उगम कुठला?

ब्रिटिश सरकारचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संगणक व दूरसंचार संस्थेने आयटी सेवा कशी चालवावी याची पुस्तके काढायला सुरुवात केली. ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी’ हे त्यांचे नाव, आणि त्याचे लघुरूप आयटिल. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आली, २०१९ मध्ये ‘आयटिल ४’ आली. दरम्यान मालकी बदलत गेली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकार आणि ‘कॅपिटा’ यांनी मिळून ‘अॅक्सेलॉस’ ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती ‘पीपलसर्ट’ या परीक्षा घेणाऱ्या कंपनीने विकत घेतली. म्हणजे पुस्तक ज्याचे, परीक्षा त्याची आणि प्रमाणपत्रही त्याचेच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

परीक्षा कशी असते?

पहिली पायरी ‘फाउंडेशन’. ४० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी २६ बरोबर. निगेटिव्ह मार्किंग नाही. पुस्तक समोर ठेवता येत नाही. घरून, वेबकॅमसमोर, निरीक्षकाच्या देखरेखीखाली ती देता येते. पात्रतेची अट नाही, त्यामुळे मेकॅनिकल किंवा बीकॉमवालेही बसू शकतात. परीक्षेची भाषा ही उमेदवाराची मातृभाषा किंवा कामाची भाषा नसेल, तर २५ टक्के जादा वेळ मिळतो. म्हणजे ६० ऐवजी ७५ मिनिटे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ही सवलत नोंदणी करतानाच विचारून घ्यावी. क्लासवाले ती क्वचितच सांगतात.

अभ्यासक्रमात सात मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ‘आयटिल ४’मध्ये कामाच्या एकूण ३४ पद्धती सांगितल्या आहेत. फाउंडेशनला त्यातल्या १५ पद्धतींचा उद्देश विचारतात, आणि सातच खोलात अभ्यासाव्या लागतात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ यांत. सोसायटीचा पाण्याचा पंप रोज सकाळी ट्रिप होतो आणि वॉचमन स्विच वर करतो. पाणी येते, इन्सिडंट मिटला. पण पंप रोजच का ट्रिप होतो, याचा छडा वायरमनने लावणे हे प्रॉब्लेम मॅनेजमेंट. वॉचमनला घाई हवी, वायरमनला वेळ हवा. दोन्ही कामे एकाच माणसावर टाकली, की दुसरे कधीच होत नाही. बहुतेक सपोर्ट टीमचे दुखणे नेमके हेच आहे. हा फरक ज्याला खरोखर कळला, त्याचे फाउंडेशनचे पैसे निम्मे वसूल झाले असे म्हणायला हरकत नाही.

फाउंडेशनसाठी क्लास सक्तीचा नाही, स्वतः अभ्यास करून बसता येते. वरच्या स्तरावर मात्र मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रशिक्षण घ्यावेच लागते.

तीन वर्षांनी काय होते?

पूर्वी हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की कायमचे होते. २०२३ पासून त्याला तीन वर्षांची मुदत लागली. मुदत संपण्याआधी पुन्हा परीक्षा द्या, त्याच मालिकेतली दुसरी परीक्षा पास व्हा किंवा सशुल्क सदस्यत्व घेऊन शिकल्याच्या नोंदींचे गुण जमवा, असे पर्याय आहेत. ज्ञान ताजे राहावे, हे कंपनीचे कारण. ते अगदीच पोकळ नाही. पण ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ यांतला फरक तीन वर्षांत शिळा होत नाही. पुस्तक, परीक्षा आणि नूतनीकरण तिन्ही एकाच्याच हातात असल्यावर प्रमाणपत्र विकत घेतलेल्या वस्तूऐवजी भाड्याच्या खोलीसारखे होते. चांगला पगार असलेल्या मॅनेजरला हे भाडे परवडते. बेरोजगार पदवीधराने आज परीक्षा दिली आणि नोकरी दोन वर्षांनी लागली, तर मुदतीचा मोठा भाग घरी बसूनच सरलेला असतो.

दुसरा रस्ता आहे का?

आहे, आणि नवख्यांसाठी तो अधिक उजवा वाटतो. ज्या सॉफ्टवेअरवर हे काम प्रत्यक्ष चालते, त्यातले मोठे नाव ‘सर्व्हिसनाऊ’. फ्रेड लडी यांनी २००३ मध्ये ही कंपनी सुरू केली. तिची पहिली परीक्षा ‘सर्टिफाइड सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटर’ची : ६० प्रश्न, ९० मिनिटे. त्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे कंपनी सरावासाठी प्रत्येकाला स्वतंत्र प्रणाली मोफत देते. त्यावर फॉर्म, मंजुरीचे टप्पे, मुदतीचे नियम स्वतः बांधून पाहता येतात. दहा दिवस वापरली नाही तर ती परत घेतली जाते, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करत राहावे.

याचीही एक बाजू आहे. वर्षातून दोन नव्या आवृत्त्या येतात आणि प्रमाणपत्र चालू ठेवायला अभ्यास करत राहावा लागतो. शिवाय हे ज्ञान एका कंपनीच्या सॉफ्टवेअरपुरते. आयटिलची परिभाषा मात्र कोणत्याही टूलवर चालते.

मग काढायचे की नाही?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत सर्व्हिस डेस्कवर आधीच काम करणाऱ्याने काढावे. नाइट शिफ्टमध्ये पासवर्ड रीसेट करण्याच्या पहिल्या पायरीवरून ‘चेंज’ किंवा ‘प्रॉब्लेम’च्या टीममध्ये जायचे, तर ही परिभाषा रोज लागते. पासवर्ड रीसेटसारखी कामे आता आपोआप होऊ लागली आहेत, त्यामुळे त्या पायरीवर रेंगाळणे धोक्याचेच. फक्त, फी कंपनीने भरावी अशी मागणी आधी करावी. प्रशिक्षणासाठी बजेट ठेवणाऱ्या कंपन्या असतात, पण न मागता ते कुणी हातात देत नाही.

ज्याला अजून नोकरीच नाही, त्याने कर्ज काढून ही परीक्षा देऊ नये. फाउंडेशन म्हणजे शब्द येतात याचा पुरावा, काम येते याचा नव्हे. मुलाखतीत व्याख्या एकदा विचारतात. नंतरचा प्रश्न असतो, ‘दोन हजार लोकांचे ईमेल बंद पडले, पहिल्या पंधरा मिनिटांत काय कराल?’ मोफत प्रणालीवर स्वतः बांधलेले छोटे पोर्टल दाखवता आले, तर तिथे बोलायला काहीतरी हाती असते.

आणि फी भरायचीच ठरली, तर क्लासला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. संस्था मान्यताप्राप्त आहे का, परीक्षेचे व्हाउचर स्वतःच्या नावावर आणि किती मुदतीचे मिळेल, नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाची फी कोण भरणार. मान्यताप्राप्त संस्थांची यादी पीपलसर्टच्या संकेतस्थळावर तपासता येते. ‘हमखास पास’ म्हणून आदल्या रात्री प्रश्नांची पीडीएफ पाठवणाऱ्यापासून दूरच राहावे. गैरप्रकार उघड झाला तर प्रमाणपत्र रद्द होते उमेदवाराचे, पीडीएफ पाठवणाऱ्याचे नव्हे. शिवाय प्रमाणपत्र खरे की खोटे हे कंपन्यांना ऑनलाइन पडताळता येते, तेही मुलाखतीआधीच.