कामगारकविता संपली, असे कोण म्हणते?

मराठी विभागांच्या चर्चासत्रांतून एक विधान हल्ली सिद्धान्ताच्या थाटात केले जाते : गिरण्या गेल्या, कामगार गेला, तेव्हा कामगारकविताही संपली. सुर्व्यांवर एक निबंध वाचायचा, १९८२ च्या संपाचा हळवा उल्लेख करायचा आणि सारा काळ वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात बंद करून चहाला उठायचे, असा हा रिवाज. या विधानाला आमचा आक्षेप आहे. गिरणगावातला कामगार विखुरला हे खरे. पण कामगार जगातून नाहीसा झालेला नाही, आपल्या नजरेच्या टप्प्यातून गेला आहे. चर्चासत्राचे छायाचित्र ज्या फोनवर काढले जाते, तो फोन कोणाच्या तरी हातांनीच जुळवलेला असतो.

नारायण सुर्वे गेले ते १६ ऑगस्ट २०१० रोजी. त्याच वर्षी फॉक्सकॉन या तैवानी कंपनीच्या चीनमधल्या कारखान्यांत, मुख्यतः शेन्झेन शहरात, १८ तरुण कामगारांनी आत्महत्येचे प्रयत्न केले; त्यांपैकी १४ जण मृत्यू पावले. जगातल्या बहुतेक नामांकित कंपन्यांची यंत्रे जुळवून देणारी ही कंपनी. तिने काय केले? इमारतींभोवती जाळ्या बांधल्या, आत्महत्या करणार नाही अशा हमीपत्रावर कामगारांच्या सह्या मागितल्या (टीका झाल्यावर ती मागणी सोडली), आणि वेतन वाढवले. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी त्या जूनमध्ये जाहीर मुलाखतीत सांगितले, की तिथे उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि जलतरण तलावही आहेत. तो काही पिळवणुकीचा कारखाना नव्हे.

पुढल्याच वर्षी याच कारखान्यात शू लिझी नावाचा, ग्वांगडोंग प्रांतातल्या खेड्यातून आलेला तरुण कामाला लागला. तो कविता लिहीत असे. ग्रंथालयात नोकरी मिळावी म्हणून त्याने खटपट केली. ती मिळाली नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. मित्रांनी त्याच्या कविता गोळा केल्या, संग्रह निघाला, इंग्रजी भाषांतरे झाली. चिनी समीक्षेत ‘दागोंग’ कविता, म्हणजे पोटासाठी शहरात राबणाऱ्यांची कविता, हा एक मान्य प्रवाह आहे. डोंगुआनच्या कारखान्यांत राबलेल्या झेंग शियाओचोंग या कवयित्रीचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. कामगारकविता संपली म्हणणाऱ्यांनी यांतले किती वाचले आहे?

यावर काही ठरीव उत्तरे मिळतात. पहिले असे, की चीनच्या एकंदर आत्महत्यांच्या प्रमाणाशी ताडून पाहिले तर कारखान्यातले प्रमाण कमीच भरते. गणित बरोबर असेल, तुलना चुकीची आहे. देशाच्या सरासरीत म्हातारे येतात, आजारी येतात, एकाकी शेतकरी येतात. इथे मेलेली मुले होती विशीच्या आगेमागची, धडधाकट, एकाच मालकाच्या नोकरीतली, आणि बहुतेक काही महिन्यांच्या अंतराने गेलेली. शिवाय हा आकडा स्वाभाविकच होता, तर जाळ्या कशाला आणि वेतनवाढ कशाला? वेतन वाढवून कंपनीने सरासरीच्या युक्तिवादाला स्वतःच उत्तर दिले आहे.

दुसरे उत्तर : ती मुले आपखुशीने येतात, शेतापेक्षा कारखाना बरा म्हणून येतात. येतात, यात शंका नाही. गिरणीतही कोकणातून आणि घाटावरून माणसे आपखुशीनेच आली होती. प्रश्न आल्यानंतरचा आहे. चीनमध्ये सरकारमान्य महासंघाबाहेर स्वतंत्र कामगार संघटना उभारता येत नाही. खेड्यातली नोंदणी असलेल्या कामगाराला शहरातल्या शाळा-दवाखान्यांवर शहरवासीयाइतका हक्क मिळत नाही. गिरणी कामगारांना ही कोंडी समजावून सांगावी लागली नसती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रतिनिधित्व दिले होते, आणि तो कायदा रद्द करा ही १९८२ च्या संपातली एक मागणी होती. एकत्र येऊन ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर एकट्याने म्हटलेल्या ‘हो’ला स्वातंत्र्य कसे म्हणावे?

तिसरे उत्तर अधिक व्यवहारी : मजुरी वाढली तर वस्तू महागेल. आयफोन ४ च्या किमतीची फोड करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीच्या किमतीतला ५८.५ टक्के वाटा ॲपलच्या नफ्याचा आणि चीनमधल्या मजुरीचा १.८ टक्के, असा त्याचा हिशेब होता. मजुरी दुप्पट केली आणि सगळा भार गिऱ्हाइकावर टाकला, तरी किंमत दोन टक्क्यांनीही वाढत नाही! स्वस्ताईचे कारण सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

अध्यापकांनी तर एका गोष्टीकडे पाठ फिरवूच नये. या कारखान्यांना हंगामात हात कमी पडतात, तेव्हा व्यवसायशिक्षणाच्या शाळांतून विद्यार्थी ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून आणले जातात. विषय कोणताही असो, काम तेच : पट्ट्यापुढे उभे राहून एकच कृती दिवसभर करणे. २०१२ मध्ये यांताई इथल्या कारखान्यात १४ वर्षांची मुले सापडली, हे कंपनीने स्वतः मान्य केले. २०१७ मध्ये झेंगझौला विद्यार्थी दिवसाला ११ तास राबत असल्याचे उघड झाले. प्रमाणपत्र हवे तर हे काम केलेच पाहिजे, असे त्यांना शाळेने सांगितले होते. म्हणजे मुकादमाचे काम शाळेने पत्करले. शिक्षण ‘उद्योगाभिमुख’ करा म्हणून आपल्या विद्यापीठांतून जो घोष चालतो, तो ऐकताना हे चित्र डोळ्यांपुढे असावे.

आपल्याकडचा वादही आठवून पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! कोणी घालवला, कोणी आणला असता, यावर रकाने भरले. तिथे कामाचे तास किती असतील, संघटना करता येईल काय, रसायनांपासून संरक्षण कोणते, हे प्रश्न त्या गदारोळात आम्हांला ऐकू आले नाहीत. (पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडली, ही गोष्ट निराळी.) आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. शेन्झेन आता तितकेसे दूर राहिलेले नाही.

फोन फेकून द्या, असे आम्ही सांगत नाही. तशा वैयक्तिक शुद्धीने पट्ट्याचा वेग कमी होत नाही. आमची मागणी आमच्या व्यवसायाच्या कक्षेतली आहे. दागोंग कवितांची मराठी भाषांतरे व्हावीत. सुर्वे, बागूल, अण्णा भाऊ यांच्या शेजारी त्या शिकवल्या जाव्यात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात पॅरिस आणि लंडनबरोबर डोंगुआनलाही जागा मिळावी. सुर्व्यांना केवळ वारसा म्हणून जपणे सोपे आहे. त्यांनी ज्याच्या वतीने लिहिले तो माणूस आज कुठे उभा आहे, हे विचारणे अवघड. साहित्याच्या वर्गात हा अवघड प्रश्न विचारला जाणार नसेल, तर कामगारकविता नव्हे, आपली वाचनशक्ती संपली आहे असेच म्हणावे लागेल.