जानेवारीत नाला का वाहतो?

मुंबईत पाऊस जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात जाता जाता एखादी सर कोसळते, पुढे मे अखेरपर्यंत फारसं काही नाही. म्हणजे केवळ पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली वाहिनी जानेवारीत कोरडी असायला हवी. आता जानेवारीतल्या कुठल्याही दिवशी ओहोटीची वेळ बघून दादर चौपाटीवर चैत्यभूमीजवळ जा. तिथे २०२२ साली माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा डेक बांधला आहे. संध्याकाळी लोक मुलांना घेऊन येतात, सागरी सेतूचे फोटो काढतात. तो डेक पर्जन्य जलवाहिनीच्या पातमुखावर, म्हणजे वाहिनी समुद्राला मिळते त्या तोंडावर, उभा आहे. वाळूत उतरून बघितलं की खालून राखाडी पाणी वाहताना दिसतं आणि ते वास घेऊन येतं. पाऊस नसताना हे पाणी आलं कुठून?

मी परवानाधारक प्लंबर आहे. माहीम, दादर, प्रभादेवी हा माझा पट्टा. वडीलही याच धंद्यात होते. लोकांच्या घरातून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे बघण्यात माझी उमर गेली, म्हणून लिहितोय. समुद्राच्या घाणीचा विषय निघाला की आपण वाळूवरच्या प्लास्टिकबद्दल बोलतो, कारण ते दिसतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबतच्या माणसांनी केलेलं सफाईचं काम फार मोठं आहे. २०१८ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा मलाही भरून आलं. पण वाळू कितीही झाडली तरी वाहिनीतून येणारं पाणी झाडता येत नाही.

शहरात पाण्याच्या दोन वाटा आहेत. संडास, न्हाणीघर, मोरी यांचं पाणी मलवाहिनीतून उदंचन केंद्रात आणि तिथून प्रक्रिया केंद्रात जायचं. वरळी आणि वांद्र्याहून ते समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडतात. दुसरी वाट पावसाची. छपरावरचं, अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून सरळ किनाऱ्याला. या वाटेवर प्रक्रिया नाही, कारण तिच्यातून पावसाखेरीज काही वाहील असं बांधणाऱ्यांनी धरलंच नव्हतं.

दोन्ही वाटा एकमेकींत कशा मिसळतात ते मी रोज बघतो. जुन्या चाळींच्या मागे हाऊस गल्ली असते, दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत एवढी अरुंद. भिंतीला मैल्याचा पाइप, त्याच्या बाजूला पावसाचा पाइप, खाली चेंबर आणि लगत उघडं गटार. मलवाहिनी तुंबली, चेंबर भरून वर आला, की रहिवासी दोन दिवस वास सोसतात आणि मग कुणीतरी गवंडी बोलावतं. तो चेंबरच्या कुशीत भोक पाडतो आणि पाइपचा तुकडा टाकून पाणी शेजारच्या गटारात काढून देतो. अर्ध्या दिवसात वास गेला, घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची सुटका झाली. तुंबलेली वाहिनी पुढे कधीतरी मोकळी होते. भोक मात्र कुणी बुजवत नाही.

नव्या इमारतींतही हेच, जरा निराळ्या रीतीने. लोक बाल्कनी बंद करून घेतात, तिथे वॉशिंग मशीन ठेवतात आणि तिचं पाणी बाल्कनीतल्या ट्रॅपमध्ये सोडतात. तो ट्रॅप पुष्कळदा पावसाच्या पाइपला जोडलेला असतो. विसाव्या मजल्यावरच्या साबणाचं पाणी त्या वाटेने कुठेही न थांबता माहीमच्या उपसागरात उतरतं. असं काम सांगणाऱ्या ताईंना मी समजावतो की पाइप न्हाणीघरापर्यंत नेऊ, थोडा खर्च येईल. बहुतेक जणी ऐकतात. मुद्दाम करणारा माणूस मला क्वचितच भेटला, माहीत नसणारे मात्र घराघरात आहेत.

काही वर्षांपूर्वी समुद्राजवळच्या एका गल्लीत चार मजली इमारतीचं काम होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत होते, आमची जोडणी अगदी कायदेशीर आहे, नकाशा बघा. नकाशात ती होतीही. मी दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात हिरवा रंग ओतला, तीन बादल्या पाणी सोडलं आणि खाली आलो. रस्त्यावरच्या मलवाहिनीच्या चेंबरवर माझा पोऱ्या झाकण उघडून बसला होता. काहीच आलं नाही. अजून पाणी सोडायला लावलं, तरी नाही. तेवढ्यात पलीकडच्या पानवाल्याने हाक मारली. फुटपाथच्या ढाप्याच्या फटीतून खाली हिरवंगार पाणी चाललं होतं, पावसाच्या वाहिनीतून, समुद्राच्या दिशेने. सेक्रेटरी खाली येऊन बघत राहिले. राहणाऱ्यांपैकी कुणालाच कल्पना नव्हती. जोडणी कधीची, कुणी केली, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. दुरुस्तीला लागला एक नवा चेंबर आणि पाच-सहा पाइप. रस्ता खोदायची परवानगी मिळायला कामापेक्षा जास्त वेळ गेला, पण काम झालं. त्या इमारतीचा मैला आता जिथे जायला हवा तिथे जातो.

असा रंग या शहरातल्या प्रत्येक जुन्या इमारतीत टाकून बघावा, ही माझी मागणी आहे. रंग स्वस्त असतो. माणूस हवा तो झाकण उघडून बसायला.

झोपडपट्टीची गोष्ट वेगळी आहे. नाल्याकाठच्या वस्त्यांकडे बोट दाखवणं फार सोपं असतं आणि मला त्याचा राग येतो. धारावीत, कुर्ल्यात अशा गल्ल्या आहेत जिथपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही. सार्वजनिक शौचालयाचं पाणी नाल्यात जातं, कारण ते सोडायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. तिथे नोटिसा लावून काय होणार? आधी वाहिनी द्या. मिठीच्या काठाने हेच चित्र आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याशी सुरू होणारी ही नदी अठराएक किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत येते. वाटेत तिला वस्त्यांचा मैला मिळतो, तबेल्यांचं शेण, कारखान्यांचं पाणी आणि तेलाची पिंपं धुणाऱ्यांचा काळा तवंग. नदीत आणि पर्जन्यवाहिनीत फरक उरत नाही.

माहीमच्या कोळीवाड्यात माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत. तिथल्या एक आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी ओहोटीला बायका खडकावर कालवं फोडायला जायच्या, पोरं चिखलात निवट्या धरायची. आता घरच्या नातवंडांना त्या पाण्यात पाय घालू देत नाहीत. हे भावनेचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका उपसागरात १९९५ साली हजारो पोहणाऱ्यांची पाहणी झाली होती. पावसाच्या वाहिनीच्या मुखासमोर पोहणाऱ्यांमध्ये ताप, उलट्या, कानाचे विकार यांचं प्रमाण लांब पोहणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. त्यानंतर तिथे बऱ्याच वाहिन्यांचं कोरड्या दिवसांतलं पाणी मलवाहिनीकडे वळवलं गेलं. आपल्याकडे अशाच मुखांसमोर गणपती विसर्जनाला लोक छातीभर पाण्यात उतरतात.

समुद्राची कळकळ नसलेल्या माणसालाही ही बाब लागू आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि शहर बुडालं. पूर ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या वाहिन्यांची क्षमता ५० मिमीपर्यंत न्यावी, असं मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच सांगत होता. त्या कामाला खरा वेग आला तो या पुरानंतर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंप बसले. त्यांचा उपयोग झाला, वाद नाही. पण पंपाला पाणी उचलून समुद्रात टाकणं माहीत, ते कसलं पाणी आहे हे नव्हे. आणि जी वाहिनी वर्षभर मैला वाहते, तिच्या तळाशी वर्षभर गाळ बसतो. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, पूरदरवाजे बंद झाले, की मागे तुंबून आपल्या जिन्यापर्यंत येतं ते पाणी नुसतं पावसाचं नसतं, त्यात तो गाळही असतो. गुडघाभर पाण्यातून मुलांना शाळेतून आणणाऱ्या आईबापांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून नालेसफाईचं मोजमाप मला पटत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात बातमी येते, इतके टन गाळ काढला, उद्दिष्टाच्या इतके टक्के काम झालं. गाळाचे ट्रक मोजायचे म्हटले की काय होतं ते आपण बघतोय. मिठीच्या गाळाच्या कंत्राटांतल्या ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहारात २०२५ साली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. गाळ किती काढला यापेक्षा तो येतो कुठून, हे विचारायला हवं. त्याचं मोजमाप सोपं आहे. दीडशेहून जास्त पातमुखं आहेत. डिसेंबर-जानेवारीत ओहोटीला प्रत्येकाशी उभं राहून पाणी किती वाहतं ते मोजा, नमुना तपासा, आकडा वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा. थोडा पाझर निघेल, तो चालेल. जिथे मैला आहे तिथून उलट दिशेने चेंबरमागून चेंबर उघडत जा. जोडणी सापडते, मी सापडवलेली आहे.

नाल्यांचं पाणी मुखाजवळ अडवून मलवाहिनीकडे वळवण्याच्या योजनाही सुरू आहेत. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांचं पाणी बोगद्याने धारावीच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं काम महापालिकेने हाती घेतलं. माझा त्याला पाठिंबा आहे, कारण वस्त्यांना वाहिनी मिळेपर्यंत समुद्राने थांबायचं कसं? भीती एवढीच, की खाली पाणी अडवल्यावर वरच्या चुकीच्या जोडण्या शोधायची निकड कुणाला उरणार नाही. पावसाळ्यात अडवलेलं पाणी ओसंडून पुन्हा समुद्रातच जातं, तेव्हा त्या जोडण्याच आडव्या येतील. वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप इथे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात नवी केंद्रं उभी राहत आहेत. एवढा पैसा घालून बांधलेलं केंद्र फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी शुद्ध करू शकतं.

पहिल्या पावसाचा मुद्दा राहिला. आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, टायरचा भुगा, ऑइल, थुंकी, सगळं जूनच्या पहिल्या सरीत एका तासात नाल्यात उतरतं. ते रोखायला बोगदा लागत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्याकडेची माती उचलायची, गटारात ढकलायची नाही. गॅरेजवाल्यांचं जळकं ऑइल गोळा करायला गाडी फिरवायची. माझ्या गल्लीतला गॅरेजवाला ते डब्यात भरून ठेवतो, पण नेणारा महिनोन्‌महिने येत नाही.

मुख्य अडचण मला खात्यांची वाटते. मलनिःसारण वेगळं खातं, पर्जन्य जलवाहिन्या वेगळं. पावसाच्या वाहिनीत मैला सापडला तर तो कुणाचा? वॉर्डात एक अधिकारी नेमा, ज्याच्या नावावर दोन्ही वाहिन्या असतील आणि जानेवारीच्या आकड्याचं उत्तर ज्याला द्यावं लागेल. जुन्या इमारतींना दंड न लावता जोडणी बदलायला दोन वर्षं द्या, रस्ता खोदायची परवानगी आठवड्यात आणि फुकट द्या. आम्हा परवानाधारक प्लंबरांकडून प्रत्येक कामानंतर पाणी कुठल्या वाहिनीत सोडलं ते लिहून, सही करून घ्या. चुकीची जोडणी दिली तर परवाना रद्द करा, माझाही.