स्वस्तातला युरोप आणि बोअरचं माप

जानेवारी उलटला, अप्रेझलचे वारे वाहू लागले, की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक विषय हमखास निघतो. यंदा युरोप करायचा का? ('करायचा' हं, 'बघायचा' नव्हे. चारधाम करतात तसा!) मग कोणीतरी दहा दिवसांत सहा देशांचं पॅकेज काढतं, आकडा ऐकून चहा गार होतो, आणि एखादा बहाद्दर म्हणतो, "अरे, पर्सनल लोन आहे ना!"

तर मंडळी, या शनिवारी माझं मत स्पष्टच सांगतो. सुट्टीसाठी कर्ज काढू नये. आणि युरोपासाठी तर तशी गरजही नाही.

मी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा. आमच्याकडं पैसा मोजायचं माप वेगळं. पुण्यात चार लाख म्हणजे गाडीचं डाउन पेमेंट. गावाकडं आईला हाच आकडा सांगितला तर ती म्हणते, "तेवढ्यात शेतात बोअर अन् मोटर दोन्ही झालं असतं की रे!" मला हे माप आवडतं. ते हौस करू नका म्हणत नाही, पैसे नेमके कशाचे देताय ते विचारा म्हणतं.

मग विचारूया. आपल्या डोक्यातला युरोपचा नकाशा पु. लं.च्या 'अपूर्वाई'ने काढला आणि 'दिलवाले दुल्हनिया'ने (१९९५) रंगवला. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड. नेमकी हीच ठिकाणं महाग! युरोपीय संघाची सरासरी १०० धरली, तर स्वित्झर्लंडमधल्या किमती १७० च्या आसपास जातात, रोमानिया आणि बल्गेरियात ६० च्या आसपास राहतात. त्यात पॅकेजवाले रोज शहर बदलतात. म्हणजे अर्धे पैसे आपण बसमध्ये बसून पेंगायचे देतो.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. स्वित्झर्लंडला जा नाहीतर पोलंडला, फी तेवढीच (सेंटरचा सर्व्हिस चार्ज आणि किमान ३०,००० युरोचा विमा वेगळा). या व्हिसात आता २९ देश येतात. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरियाही त्यात पूर्णपणे आले. अर्ज सहा महिने आधी करता येतो, आणि जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो.

दुसरी गंमत वेळेची. त्यांचा सीझन जून ते ऑगस्ट, आपली सुट्टी मे महिन्यात! उमरीत पारा ४२ च्या वर असतो तेव्हा तिकडं वसंत असतो, हॉटेलांचे भाव चढायचे असतात आणि रात्री आठपर्यंत उजेड. आयता फायदा आहे हा.

माझी शिफारस विचाराल तर क्राकोव आणि बुडापेस्ट. दोनच शहरं, प्रत्येकी चार-पाच दिवस. क्राकोवला भलामोठा जुना चौक, वावेलचा किल्ला आणि जवळच विएलिच्काची मिठाची खाण. जेवायला 'मिल्क बार' नावाच्या साध्या खानावळी. तिथे बटाटा-पनीर भरलेले पिएरोगी मिळतात, आपल्या उकडीच्या करंजीसारखे. (शाकाहारी असाल तर वर बेकनचे तुकडे नकोत असं आधीच सांगा!) बुडापेस्टला २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने पार्लमेंटपाशी जाते. साध्या तिकिटात नदीची सैर होते, क्रूझ कशाला? कार्ड मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा, झ्लॉटी किंवा फोरिंटमध्येच द्या. रुपयांत दर वाईट लावतात.

आणि पोलंड आपल्याला परका नाही. दुसऱ्या महायुद्धात घर सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, मुख्यतः बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. वॉर्सात त्याचं स्मारक आहे, कोल्हापूरच्या नावाचं! आयफेल टॉवरखाली फोटो काढण्यापेक्षा मला तिथे उभं राहणं जास्त मोलाचं वाटतं.

आता कुणी म्हणेल, पॅकेज म्हणजे नुसती लूट का? अजिबात नाही. वयस्कर आई-वडिलांना पहिल्यांदा नेताय, भाषेची, औषधांची, वरण-भाताची काळजी आहे, तर मराठी टूर लीडर सोबत असण्याचे पैसे वसूल होतात. पण तिशीतल्या, रोज परदेशी क्लायंटशी कॉलवर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना ट्रामचं तिकीट काढता येऊ नये?

खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पासपोर्टवाले. माझ्या बाबांचा सगळ्यात लांबचा प्रवास देवगिरी एक्सप्रेसने मुंबईपर्यंत. कर्ज काढून दोघांनी सहा देश 'केले' तर पुढची तीन वर्षं हप्ते फेडण्यात जातात, आणि तोवर आई-बाबांचे गुडघे काही थांबत नाहीत. त्याऐवजी चार देश गाळा, झुरिक गाळा, आणि वाचलेल्या पैशात त्यांची दोन तिकिटं बसतात का ते बघा. गणित करून बघायला काय जातंय?

बोअर राहिलाच म्हणा. तो पुढच्या बोनसमध्ये. असो, पटतंय का बघा!