न्यायाधीश मराठी आहे, पण सरकारला जाब विचारील काय?



३० मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदूरकर सर्वोच्च न्यायालयात बसले. नागपुरात वकिली केलेला मराठी माणूस तिथं गेला, याचा आम्हांला आनंद आहे. पण "आपला माणूस आहे, आपल्या बाजूनं निकाल देईल" म्हणणाऱ्यांना आम्ही साफ सांगतो : त्याची बोली पाहू नका. सरकारच्या हुकमतीकडे तो कसा पाहतो, ते पाहा.

गिरणीवाल्यांना हे महागात पडून कळलं आहे. हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० ला मराठी राज्य आलं. त्याच राज्याच्या सरकारनं गिरण्यांच्या जमिनीचा १९९१ चा नियम २००१ मध्ये फिरवला. एक वाटा शहराला, एक घरांना, एक मालकाला, ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला अडवलं, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा फेरबदल कायम केला. सरकार तर मराठीच होतं. मग आमचा वाटा कुठं गेला?

आता चांदूरकरांचं माप पाहा. २०२३ मध्ये केंद्रानं नियम केला, की सरकारी कारभाराविषयी इंटरनेटवर आलेला मजकूर खरा की खोटा, हे सरकारनंच नेमलेला कक्ष ठरवील. म्हणजे ज्या जॉबरविरुद्ध तक्रार, तोच चौकशीला बसणार! मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. तिसरे म्हणून चांदूरकरांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो नियम घटनाबाह्य ठरवला. शाबास!

पण एका निकालावरून उद्याची हमी मिळत नाही. बोलण्याच्या हक्काला हात लागला की न्यायालय कडक होतं. जमीन आणि घर म्हटलं की "हे सरकारचं धोरण" म्हणून पुष्कळदा बाजूला सरतं. आमचं पोट नेमकं तिथंच अडकलं आहे. शब्दाला लावलेलं माप ते भाकरीलाही लावतील काय, हा आमचा सवाल आहे.

आमच्या तुंगार्लीशेजारच्या वळवणचं पाणी खोपोलीत वीज करतं, कारण त्याला भिंत आहे. बिनभिंतीचं पाणी गाव बुडवतं. सत्तेचंही तसंच.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन दशकं उलटली. निव्वळ न्यायाधीशाच्या तोंडाकडे बघत बसून भागणार नाही. न्यायालय हा ताणा, संघटना हा बाणा. एकट्यानं कापड होत नाही.

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

— तुंगार्लीचे गिरणी कामगार