अंजिराची काडी : पालवीला भुलू नका

अंजिराच्या काड्या लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानी येते : "काडी छान फुटली, चार पानेही आली आणि महिन्याभरात वाळून गेली." दोष काडीचा नसतो, आपल्या घाईचा असतो.

आपल्याकडचे अंजीर परागीकरणावाचून धरते. त्यामुळे त्याचे बी पोकळ राहते, रुजत नाही. पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बागाही अशा काड्यांवरच वाढल्या आहेत. काडी म्हणजे मूळ झाडच दुसऱ्या जागी उभे करणे. म्हणून चांगल्या फळाच्या, निरोगी झाडावर फळे असतानाच खूण करून ठेवावी. पानांवर पिवळे चट्टे पडून पाने वेडीवाकडी होत असतील, तर त्या झाडाची काडी घेऊ नये. तो रोग काडीबरोबर येतो.

बहाराची छाटणी करताना आठ ते बारा महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी. वीतभर लांबीची, चार ते सहा डोळ्यांची काडी करावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा डोळ्याच्या थोडा वर सरळ घ्यावा. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. चीक गळून सुकू द्यावा. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समभाग घेऊन पिशव्या भराव्यात. तळाला भोके हवीतच. दोन डोळे वर ठेवून बाकी काडी मातीत दाबावी व पिशव्या सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिखल नको.

आता खरी गोष्ट. दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटते, पण तेव्हा खाली बहुधा मूळ नसते. काडीने बरोबर आणलेल्या शिदोरीवरच ती पाने निघतात. मुळे धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. या मधल्या काळात कोणी काडी उपटून पाहतो, कोणी पिशवी उन्हात नेतो, कोणी थेट शेतात लावतो. शिदोरी संपते, मुळे नसतात, मग काडी वाळते.

मूळ धरल्याची खूण सोपी आहे. पहिल्या पानांनंतर वाढ थोडी थांबते, मग शेंड्याला पुन्हा नवी पाने येऊ लागतात आणि पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावतात. त्यानंतर हळूहळू ऊन दाखवावे. रोप चांगले जोमदार झाल्यावर पावसाळ्यात, पाणी न साचणाऱ्या जमिनीत लावावे.

छाटणीच्या काड्या बांधावर फेकल्या जातात. यंदा त्यातल्या पंचवीस काड्या घराच्या पडवीत लावून पाहा. खर्च पिशव्यांचा आणि दोन महिन्यांच्या धीराचा, एवढाच!